पाच शतांशांचं अंगण

तापलं की धातू फुलतो, एवढं कळलं की इंजिनाचं निम्मं शास्त्र कळलं, असं ताईचे वडील म्हणायचे. उरलेलं निम्मं म्हणजे, किती फुलतो. ते उरलेलं निम्मं कळायला ताईला वीस वर्षं लागली, आणि तिच्या पाठच्या भावाला ते कधी नीटसं कळलंच नाही. पण इंजिन जोडण्यात त्याचा हात असा बसलेला, की त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी सिलिंडर आतून कातायचं, म्हणजे बोअर मारायचं, जुनं मशीन, ते ताईचं. मागच्या भिंतीशी लाकडी बाक, त्यावर ओळीने टांगलेले पाने, ते भावाचं. मधे एक लोखंडी कपाट, ते दोघांचं, म्हणजे कुणाचंच नाही, त्यामुळे त्यात हवी ती वस्तू कधी सापडायची नाही आणि नको ती हटकून हाताला लागायची. वडिलांनी घालून दिलेला नियम असा, की जो मोजेल त्याने जोडायचं नाही आणि जो जोडेल त्याने मोजायचं नाही. एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या नजरेत यावं, म्हणून. ताई बोअर मारून, आतून घासून, माप चिठ्ठीवर लिहून सिलिंडर पलीकडे द्यायची. भाऊ चिठ्ठी वाचायचा, पिस्टन ताडून बघायचा आणि चिठ्ठीवर बरोबरची खूण करायचा. बावीस वर्षांत त्या खुणेशिवाय एकही इंजिन दाराबाहेर गेलं नव्हतं.

भावाला सगळे फटफट्या म्हणत. बोलता येण्याआधी तो तोंडाने इंजिनाचे आवाज काढायचा, आणि बोलता यायला लागल्यावरही त्याने ते सोडलं नाही. चाळिशी ओलांडली तरी टू-स्ट्रोक कसं बोलतं आणि फोर-स्ट्रोक कसं, हे तो गिऱ्हाइकाला गाल फुगवून ऐकवायचा, आणि बिल ऐकून आंबट झालेलं गिऱ्हाईक हसत हसत जायचं.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाहून बारीक अशी, मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची मोकळी जागा सोडावी लागते. सगळं जग तिला क्लिअरन्स म्हणतं. या घरात तिला अंगण म्हणत. तो आईचा शब्द. जुने पिस्टन रॉकेलात धुता धुता ती गुणगुणायची,

*धातूलाही असे मन, ऊन लागता ते फुले,*
*सोड अंगण थोडके, तेव्हा घर सुखे चाले.*

आई जाऊन दहा वर्षं झाली, तरी चिठ्ठीवर ताई अजून ‘अंगण’ असंच लिहायची.

तर एक दिवस जनावरांची डॉक्टरीण आपली एटीव्ही ढकलत दाराशी आली. चार जाड चाकांची, उघड्या अंगाची, टू-स्ट्रोक इंजिनाची ती गाडी. तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या होत्या. पण टेकड्यांवरच्या वाड्या-वस्त्यांना जाणाऱ्या वाटा अशा, की दुसरं कुठलं वाहन तिथे वळायचंही नाही. बारा वर्षं डॉक्टरीण हिच्याच पाठीवर बसून गाईंची बाळंतपणं करत फिरत होती.

“ताई, चढावर हिला दम लागतो गं. माझ्यासारखाच.”

“तुला लागतो तो बसून खाल्ल्याने,” ताई म्हणाली. “हिचा पिस्टन झिजलाय. आवाज ऐक की.”

फटफट्याने लगेच तोंडाने तो आवाज करून दाखवला, खळ खळ खळ, आणि डॉक्टरीण हसली.

“डॉक्टरीणबाई, ह्या वेळी फोर्ज्ड टाकू या,” तो म्हणाला. “घडीव. दणकट असतो. तुमच्या नातवंडांपर्यंत बघायला नको.”

बाजार ज्यांना कास्ट आणि फोर्ज्ड म्हणतो, त्यांना वडिलांपासून इथे ओतीव आणि घडीव म्हणायची चाल होती. साच्यात ओतलेला तो ओतीव, दाबून ठोकून घडवलेला तो घडीव. ताईने त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि डॉक्टरणीलाच विचारलं,

“सकाळी गाडी चालू केलीस, की किती वेळ थांबतेस?”

“थांबते? अगं, तिकडे गाय अडलेली असते. किक मारते आणि सुटते. हेल्मेटचा पट्टा वाटेत लावते.”

“झालं तर. ओतीव.”

“ताई, घडीव म्हणजे पहिलवान असतो,” फटफट्या म्हणाला.

“असू दे ना. पहिलवानाला उठल्यावर अंग मोकळं करायला वेळ लागतो, आणि घरही ऐसपैस लागतं. ओतीव कमी फुलतो, पाच शतांशांच्या अंगणात सुखाने नांदतो. घडिवाला आठ तरी पाहिजेत. वर थंडीत पिस्टन आधी तापतो, सिलिंडर मागून सावकाश. तेवढ्यात ही बाई टेकडीवर पोचलेली असते. अडकेल ना तो.”

“आणि ओतीव फुटला तर? काचेसारखा फुटतो.”

“फुटायच्या आधी खळखळ करून दहा वेळा सांगतो. घडीव चिकटला, तर सांगायलाही थांबत नाही.”

“तुम्ही दोघं बहीणभाऊ खुशाल भांडा,” डॉक्टरीण म्हणाली. “मला शेपटीच्या बाजूने कळतं, इंजिनाच्या नाही. ताई, तू म्हणशील ते.”

*तू म्हणशील ते.* हे तीन शब्दांचं वाक्य ताईने दोन दिवस कानात जपलं. बोअर मारताना, घासताना, मायक्रोमीटर डोळ्यापाशी नेताना ते तिच्याबरोबर होतं. गुरुवारी दुपारी तिने सिलिंडर पुसला, ओतीव पिस्टन त्याच्याशेजारी ठेवला आणि चिठ्ठी लिहिली, ‘ओतीव. अंगण पाच शतांश.’ शुक्रवारी सकाळी इंजिन जोडून तयार, चिठ्ठीवर खूण. डॉक्टरीण गाडी घ्यायला आली तेव्हा फटफट्या तिला सांगत होता, “निघायच्या आधी दोन मिनिटं गरम होऊ द्या हं, डॉक्टरीणबाई.” ताईला ते ऐकून बरं वाटलं. म्हटलं, शिकला बाई एकदाचा.

सव्विसाव्या दिवशी पहाटे थंडी मी म्हणत होती. टेकडीवरच्या एका गोठ्यात गाय अडली होती, वासराचे पाय उलटे होते. डॉक्टरणीने किक मारली आणि ती सुटली. दुसऱ्या वळणावर, ऐन चढाला, इंजिन एका क्षणात जागच्या जागी थिजलं. मागची चाकं अडली, गाडी आडवी फिरली आणि डॉक्टरणीच्या अंगावरून उलटून गेली. खाली दूध घेऊन चाललेल्या माणसाला ती दिसली तोवर उजाडलं होतं. गळ्याखालचं हाड मोडलं, दोन बरगड्या चिरल्या. आणि वर गोठ्यात ती गाय, पोटातल्या वासरासकट, गेली.

इस्पितळात ताई खाटेशी उभी राहिली. डॉक्टरीण छताकडे बघत होती.

“हाड काय गं, जुळेल. ती गाय माझी वाट बघत होती.”

ताईने तिचं पांघरूण सारखं केलं.

“मी तुझ्याकडे बघून गाडी नेली होती, ताई,” डॉक्टरीण म्हणाली आणि तिने मान भिंतीकडे वळवली.

फटफट्या दाराशी फळांची पिशवी धरून उभा होता. तोंडाने एरवी सतरा आवाज काढणारा माणूस, त्या खोलीत त्याच्या श्वासाचाही आवाज येत नव्हता. ताईला वाटलं, त्याचंही काळीज फाटलंय. परतीच्या वाटेवर तोच हळूच म्हणाला,

“ताई, रागावणार नसशील तर एक विचारू? डोळे तपासून घेतलेस का गं इतक्यात?”

ती थांबली. “का रे?”

“नाही, सहज. वय झालं की शतांश बितांश दिसायला जरा... बाबांनाही शेवटी त्रास झाला होता.”

दुसऱ्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाला, “बाई, जवळचं थोडं अंधुक झालंय. या वयात होतंच.” होतंच. त्याच्या लेखी तो शब्द दिवसातून दहा वेळा म्हणायचा. ताईच्या लेखी तो शब्द म्हणजे एका गाईचा आणि एका वासराचा जीव होता.

त्यानंतरचे अकरा दिवस तिने मशीनला हात लावला नाही. आलेले सिलिंडर ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात पाठवायची. गिऱ्हाईक विचारायचं, “का हो ताई?” तर म्हणायची, “मशीन बिघडलंय.” नुसतीच बसून राहायची. मायक्रोमीटर ताडायला पोलादाची एक चोख मापाची वडी असते, ती काढायची आणि मोजायची. बरोबर यायचं. पुन्हा मोजायची. बरोबर. चष्म्याने बरोबर, बिनचष्म्याने बरोबर. आणि जितक्या वेळा बरोबर यायचं तितका तिचा बरोबरवरचा विश्वास उडत जायचा. ज्या डोळ्यांनी चूक केली, तेच डोळे बरोबर म्हणतायत. त्यांचं काय धरायचं?

त्या दिवसांत फटफट्याने तिला फुलासारखं जपलं. घरून डबा आणायचा आणि ती दोन घास खाईपर्यंत समोरून हलायचा नाही. तिचं स्टूल उचलून त्याने उजेडात नेऊन ठेवलं. कुणी गिऱ्हाईक अपघाताचा विषय काढू लागलं, की तो मधे पडायचा, “मशीन आहे ते, माणूस आहे, चालायचंच.” डॉक्टरणीचं इंजिन त्याने आपल्या बाकामागे ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ताई एकदा तिकडे वळली तर म्हणाला, “राहू दे गं. बघून आणखी जिवाला लावून घेशील. मी बघतो त्याचं.” इतकं मऊ बोलला, की ताईच्या मनात, आईच्या वळणाची, आपसूक एक ओवी जुळली,

*डोळ्यांमध्ये झाली सांज, भाऊ हाती धरी दिवा,*
*असा पाठीचा सोबती साऱ्या बहिणींना हवा.*

आणि ती चष्मा काढून, तोंड पदराआड करून रडली होती. कृतज्ञतेने.

बाराव्या दिवशी दुपारी फटफट्या सुटे भाग आणायला बाजारात गेला आणि तो गेल्यावर पार्सलवाला आला. लहानसा खोका, आत पिस्टन. ताईने सवयीने खोक्यावरचं माप वाचलं. डॉक्टरणीच्या गाडीचा, ओतीव, ह्या खेपेला टाकला होता नेमक्या त्याच मापाचा.

तिला पहिल्यांदा फक्त गंमत वाटली. एकदा इंजिन चिकटलं, की सिलिंडर आतून ओरबाडतो. तो पुन्हा कातून मोठा करायचा, म्हणजे पिस्टनही पुढच्या मापाचा लागणार. त्याच मापाचा पिस्टन आता घेऊन करायचा काय, कागद उडू नयेत म्हणून ठेवायचा? फटफट्या असा कसा विसरला? मग तिने पार्सलवरची मागणीची तारीख बघितली. गुरुवार. ज्या दुपारी तिने सिलिंडर, पिस्टन आणि चिठ्ठी त्याच्या हाती दिली होती, तोच गुरुवार. अपघाताच्या सत्तावीस दिवस आधीचा.

नवा कोरा ओतीव पिस्टन शेजारी ठेवलेला असताना, त्याच दिवशी तसलाच दुसरा कोण मागवतं?

ताईने ताडपत्री ओढली.

तिने इंजिन उघडलं तेव्हा तिचे हात स्थिर होते, हे तिला नंतर आठवलं आणि नवल वाटलं. सिलिंडर उचलला. पिस्टनच्या अंगावर चार उभे ओरखडे होते, चार बाजूंना चार, जणू अरुंद दारातून जाताना कुणाचे खांदे सोलवटले असावेत. अंगण कमी पडल्याची ही खूण वडिलांनी तिला पंधराव्या वर्षी दाखवली होती. वरून काजळीने काळा, ओतीव की घडीव ते कळेना. तिने पिन काढली, पिस्टन उलटा केला आणि खिडकीशी नेला. ओतीव पिस्टनच्या पोटात साच्याचा खरखरीतपणा उठलेला असतो, साच्यातले आकडे असतात. या पोटात काही नव्हतं. गुळगुळीत, दाबून बसवलेलं, घट्ट.

घडीव होता.

तिने मग सिलिंडरचा न ओरबाडलेला भाग मोजला. चष्मा लावून, काढून, आणि पुन्हा लावून. ओतिवासाठी तिने सोडलं होतं तेवढंच. पाच शतांश. तिचे डोळे शाबूत होते. तिचे हात शाबूत होते. आणि बाकावरच्या खिळ्याला तिची चिठ्ठी अजून लटकत होती, ‘ओतीव’ या शब्दाखाली त्याच्या हातची बरोबरची खूण.

माणसाला वाटतं, आपण निर्दोष ठरलो तर हायसं वाटेल. ताईला हायसं वाटलं नाही. पायाखालून काहीतरी सरकलं आणि ते सरकायचं थांबेचना.

फटफट्या आला तो शीळ घालत. दारातच त्याला ताडपत्री दिसली, मग बाकावरचे दोन पिस्टन दिसले, आणि शीळ विझली.

“बस,” ताई म्हणाली.

तो बसला नाही. “ताई, मी सांगणारच होतो.”

“सांग.”

“पिन बसवताना हातातून सुटला. तुझा, ओतीव. फरशीवर पडला, खालची कड फुटली. नवा आठ दिवसांनी येतो म्हणाले, कुठल्या आठ दिवसांनी, सव्वा महिना लावला त्यांनी. डॉक्टरणीला दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती. कपाटात त्याच मापाचा घडीव पडला होता, मी मागे शर्यतीच्या नादात घेतलेला. म्हटलं, टाकू. नवा आला की गुपचूप बदलू.”

“पाचाच्या अंगणात?”

“तीनच तर शतांश गं ताई.”

“तीन शतांश उघडायला मला किती वेळ लागला असता?”

तो फरशीकडे बघू लागला.

“बोल की. एरवी तोंड बंद होत नाही तुझं.”

“दहा मिनिटं.”

“मी दहा पावलांवर होते. हाक का नाही मारलीस?”

फटफट्याने वर बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही होतं. “काय म्हणाली असतीस? ‘तुझ्या हातात काही टिकत नाही.’ लहानपणापासून तेच. पेला फुटला, तुझ्या हातात टिकत नाही. पाटी फुटली, तुझ्या हातात टिकत नाही. तू कधी चुकत नाहीस, ताई. न चुकणाऱ्या माणसाला चूक सांगायला जाणं काय असतं, ते तुला नाही कळायचं.”

हे तिच्या वर्मी लागलं, कारण खरं होतं. तिने ते नाकारलं नाही.

“म्हटलं असतं मी,” ती म्हणाली. “आणि दहा मिनिटांत बोअर उघडून दिला असता. एक टोमणा ऐकून मेला असतास का रे? तिकडे गाय मेली.”

“मी डॉक्टरणीला गरम करून न्यायला सांगितलं होतं.”

“का, ते नाही सांगितलंस. बरं, ते सोड. चूक झाली. चुका होतात. पण माझे डोळे तू कुठून काढलेस?”

“तोंडातून निघून गेलं.”

“एकदा निघून गेलं. मग अकरा दिवस आत घेता आलं नाही? मी त्या पोलादाच्या वडीशी डोकं फोडत बसले होते, तू बघत होतास. चष्मा घेतला, तू रंग निवडून दिलास.”

“ताई...”

“बाबांनी नियम केला तो चुकीसाठी रे. एकाची चूक दुसऱ्याने धरावी म्हणून. खोट्यासाठी त्यांनी काही करून ठेवलं नाही. त्यांना वाटलं, घरात त्याची गरज नाही.”

तिने खिळ्यावरची चिठ्ठी काढली. “याआधी कितीदा?”

“कधीच नाही. आईची शप्पथ, ताई. कधीच नाही.”

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या, बावीस वर्षांच्या खुणा. केसाचा दहावा भाग मोजायचं साधन तिच्याकडे होतं. ही शपथ किती भरते, ते मोजायला तिच्याकडे काही नव्हतं.

“संध्याकाळी डॉक्टरणीकडे जायचं,” ती शेवटी म्हणाली. “तू सांगायचंस. मी मधे एक शब्द बोलणार नाही.”

डॉक्टरीण घरी आली होती. हात गळ्यात बांधलेला, उशांना टेकून बसलेली, पायाशी म्हातारं मांजर. त्या दोघांना बघून ती ओशाळं हसली आणि एका हाताने खुर्च्यांवरची औषधांची पुडकी सरकवू लागली. फटफट्याने झटकन पुढे होऊन ती उचलली.

तो बोलू लागला. हाड कसं आहे विचारलं. मांजराला खाजवलं. गाडी नव्यासारखी करून देतो म्हणाला, चाकंही बघतो, ब्रेकही बघतो, एक पै घेणार नाही म्हणाला. बोलत होता, बोलत होता, आणि मधूनमधून ताईकडे बघत होता, जसा शाळेत फळ्यासमोर उभा केलेला पोरगा दाराकडे बघतो. ताईने शब्द दिला होता. ती हात मांडीत घट्ट धरून बसली. मनात म्हणत होती, आता सांगेल. हे वाक्य संपलं की सांगेल.

वाक्य संपलं. डॉक्टरणीला त्या शांततेची दया आली असावी. तिने आपला धड हात पुढे करून ताईच्या गुडघ्यावर ठेवला.

“ताई, मी त्या दिवशी फार तोडून बोलले. मला माहीत असूनही बोलले. ह्याने मला सांगितलं होतं तुझ्या डोळ्यांचं.”

“कधी सांगितलं?” ताईने विचारलं.

“त्याच सकाळी, मला स्ट्रेचरवरून आत नेत होते तेव्हा. बिचारा बरोबर धावत होता. म्हणाला, ताईला रागावू नका, तिला हल्ली दिसत नाही, पण ती कबूल करत नाही. तू चष्मा घेतलास ते फार बरं केलंस गं. वय काय, सगळ्यांचंच होतं.”

म्हणजे तिला विचारायच्या आधी. ती इस्पितळात पोचायच्याही आधी. वाटेवरचं ते “रागावणार नसशील तर एक विचारू?” हे विचारणं नव्हतंच. जगाला सांगून झालं होतं. फक्त तिला पटवायचं राहिलं होतं.

ताईने भावाकडे बघितलं. त्याला अजूनही बोलता आलं असतं. तो मांजराकडे बघत होता.

मग तिने पिशवीतून पिस्टन काढला आणि डॉक्टरणीच्या पांघरुणावर ठेवला.

“हा मी निवडलेला नाही,” ती म्हणाली. “मी ओतीव दिला होता, तो ह्याच्या हातून फुटला. ह्याने घडीव टाकला आणि मला सांगितलं नाही. ओतिवाच्या मापाच्या घरात घडीव कोंबला, म्हणून थंडीत चिकटला. माझे डोळे चांगले आहेत. बोअर बरोबर होता.”

इतकं मोजकं बोलली, की चिठ्ठीच लिहिल्यासारखं.

डॉक्टरणीने पिस्टन उचलला नाही. बराच वेळ त्या चार ओरखड्यांकडे बघितलं. मग फटफट्याला म्हणाली, “म्हणून गरम करून न्या म्हणालास?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“खरं कारण सांगितलं असतंस, तर दोन नाही, दहा मिनिटं थांबले असते रे मी.” तिचा आवाज चढला नाही. “मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बडबडतोयस.”

फटफट्या उठून बाहेर गेला. डॉक्टरीण ताईला म्हणाली, “आणि मी तुला काय काय बोलले.”

“तू दिसलं ते बोललीस.”

“हाड जुळलं की गाडी लागेलच मला. तूच कर. पुढच्या मापाचा ओतीव.” ती अडखळली. “पण जोडायला...”

“ते मी बघते,” ताई म्हणाली, आणि हे म्हणताना, कसं बघणार, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तिचं नाव तिला परत मिळालं होतं. ते घेऊन ती दाराबाहेर आली आणि बाहेर भाऊ उभा होता.

संध्याकाळ व्हायला आली होती. रस्त्याला फारशी माणसं नव्हती. दोघं चालू लागले.

“ताई, सगळ्यांसमोर...” तो म्हणाला.

“सगळे कुठले? एक बाई आणि एक मांजर.”

एरवी यावर तो फसकन हसला असता. ती वाट बघत राहिली, सवयीने, आणि मग तिने वाट बघणं सोडलं.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “हे अकरा दिवस मला इतकं जपलंस. समोर बसून जेवायला घातलंस. उजेडात बसवलंस. ते कशासाठी? मी इंजिन उघडू नये म्हणून?”

तो थोडं चालला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “तू जेवत नव्हतीस, ताई.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिला कळलं, की हे खरं आहे. तेवढं एक तो खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं. सगळंच्या सगळं कुजकं निघालं असतं तर उचलून भंगारात टाकता आलं असतं. पण ज्या हाताने त्याने तिचे डोळे विझवले होते, त्याच हाताने तिला घास भरवला होता, आणि घास खरा होता. आता यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, आणि टाकायला गेलं तर दुसरं बरोबर जाणार नाही कशावरून?

पुढे रस्ता अरुंद होत होता, दोघांना शेजारी चालता येईना. नेहमीप्रमाणे फटफट्या तिला वाट देत मागे सरला.

ताई जागच्या जागी थांबली.

“तू पुढे हो,” ती म्हणाली.

“अगं, जा ना तू.”

“नाही. तू हो पुढे.”

चालायला लागल्या दिवसापासून ती पुढे आणि तो मागे, असेच आले होते दोघं. शाळेला, बाजाराला, बाबांना पोचवून परत येताना. मागून त्याचे ते फटफट आवाज येत राहायचे, आणि मागे वळून न बघताही तिला ठाऊक असायचं, की आहे. फटफट्या क्षणभर घुटमळला, मग खांदे पाडून तिच्या अंगावरून पुढे निघाला. त्याची पाठ दहा पावलं लांब जाईपर्यंत ताई उभी राहिली. मग चालू लागली. आज तिला तो आपल्या पाठीमागे नको होता.